सिन्नरजवळ गोडाऊन बांधायचंय: साधं शेड की ‘ऑटोमेशन रेडी’ इमारत?

नमस्कार. तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. समृद्धी महामार्गाच्या सिन्नर इंटरचेंजपासून चार-पाच किलोमीटरवर तुमची अडीच एकर एनए झालेली जमीन आहे. वडिलांचा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे, स्वतःच्या गाड्या आहेत. तीस हजार चौरस फुटांचं गोडाऊन बांधून भाड्याने द्यायचा विचार आहे. शेड बांधणारा म्हणतो, वीस फुटी पत्र्याचं शेड टाका आणि मोकळे व्हा. सल्लागार म्हणतो, आता सगळीकडे रोबोट येणार, चाळीस फुटी ‘ऑटोमेशन रेडी’ इमारत बांधा, आणि त्याचा खर्च जवळपास दुप्पट. तुमची भीती अशी की साधं शेड बांधलं तर पाच-सात वर्षांत ते भंगारात जाईल.

भंगारात जाणार नाही. नाशिकच्या अंबडमध्ये मी ज्या शेडमध्ये स्टोअर सुपरवायझर म्हणून लागलो, ते आजही भाड्याने आहे. पण तिथे आज कोण भाडेकरू येतो आणि किती भाडं देतो, हे पाहिलं की तुमच्या प्रश्नाचं गांभीर्य कळतं. मी इमारती बांधत नाही. दुसऱ्यांनी बांधलेल्या इमारतींत माल बसवतो. एकवीस वर्षांत अंबड, विल्होळी, गोंदे, सिन्नर अशा ठिकाणची गोडाऊनं लावून दिली. त्यामुळे पुढे जे सांगतोय ते वापरणाऱ्याच्या बाजूने आहे.

रोबोट येणार की नाही, ही चिंता तुम्ही करायची गरज नाही. भाडेकरू त्याचे रोबोट घेऊन येईल आणि करार संपला की घेऊन जाईल. हल्ली ते भाड्यानेही मिळतात. मागे राहतं ते तुमचं फ्लोअर, तुमची उंची, विजेचं कनेक्शन आणि गाडी फिरवायची जागा. यातलं काय नंतर बदलता येतं आणि काय अजिबात बदलता येत नाही, हे आधी ठरवा. जे बदलता येत नाही त्यावर आज पैसे घाला. बाकीचं थांबू शकतं.

सल्लागार ‘ऑटोमेशन’ हा एकच शब्द वापरतोय, पण त्यात कमीत कमी तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या इमारतीला उलटसुलट दिशांना ओढतात. जमिनीलगत फिरणारे छोटे रोबोट अख्खी मांडणी उचलून माणसापुढे आणतात. ॲमेझॉनने २०१२ मध्ये किवा ही कंपनी विकत घेतली ती याचसाठी. त्यांना उंची नको असते, फ्लोअर मात्र आरशासारखं लागतं. दुसरा प्रकार उंच रॅकमधून पॅलेट (माल रचायची लाकडी चौकट) आपोआप काढणाऱ्या क्रेनचा. तिथे वीस-तीस मीटर उंची लागते आणि पायाही त्या मशीनसाठीच केलेला असतो, काही ठिकाणी तर रॅकच इमारतीचा सांगाडा होतो. तिसरा पार्सल वाटणारा सॉर्टर. त्याला लांबी आणि दोन्ही बाजूंना भरपूर दारं हवीत. या तिन्हींसाठी ‘रेडी’ अशी एक इमारत नसते. क्रेनवालं गोडाऊन गिऱ्हाईक ठरल्याशिवाय, त्याच्याशी लांब मुदतीचा करार झाल्याशिवाय कुणी बांधू नये. तुमच्यासारख्या मालकाने या सगळ्यांत जे सामाईक आहे तेवढं बांधावं.

हा बदल नेमका कुठून आला, तेही समजून घ्या. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. त्याआधी दुसऱ्या राज्यात थेट विक्री केली की दोन टक्के केंद्रीय विक्रीकर लागायचा, पण स्वतःच्याच डेपोला माल पाठवला तर लागत नसे. म्हणून कंपन्या राज्याराज्यांत छोटी गोडाऊनं ठेवायच्या. ती करासाठी होती, मालासाठी नव्हती. कर गेला तशी दहा छोट्यांऐवजी दोन मोठी गोडाऊनं पुरू लागली. पुढच्या वर्षी मालवाहतुकीचं ऑनलाइन ई-वे बिल आलं, २०२१ मध्ये फास्टॅग सक्तीचा झाला, गाड्यांना जीपीएस लागले. आज मला सिन्नरला बसून कळतं की औरंगाबादहून, म्हणजे संभाजीनगरहून निघालेली गाडी कुठवर आली आहे. गाडी कधी लागणार हे कळलं की माल कमी ठेवून चालतं. माल कमी, पण हालचाल जास्त. पूर्वी गोडाऊन म्हणजे माल पडून राहायची जागा होती. आता भाडेकरू विचारतो, दिवसाला किती गाड्या आत-बाहेर होतील?

आता फ्लोअर. माझ्या मते तुमच्या निम्म्या पैशांचा निकाल इथेच लागतो.

पॅलेटवर साधारण एक टन माल धरा. रॅकच्या एका खणात दोन पॅलेट, सहा मजले. सगळ्यात खालची पॅलेट जमिनीवर बसतात, वरच्या पाच मजल्यांचं वजन रॅकच्या पायांवर येतं. म्हणजे मधल्या एका उभ्या फ्रेमवर दोन्ही बाजूंच्या खणांचा अर्धा-अर्धा मिळून दहा टन आणि तिच्या प्रत्येक पायावर पाच टन. पायाखालची पट्टी जेमतेम तळहाताएवढी असते. पाठीला पाठ लावून दुसरी रॅक असते, म्हणजे तसाच आणखी पाच टनांचा पाय वीतभर अंतरावर. शेड बांधणारा ‘फ्लोअर तीन टनाचं आहे’ म्हणतो तेव्हा तो चौरस मीटरवर पसरलेल्या वजनाबद्दल बोलत असतो. पायाखालच्या वजनाबद्दल तो बोलत नाही. त्याला विचारा, रॅकच्या एका पायाखाली किती टन चालेल आणि ते कोणत्या हिशोबाने काढलंय. उत्तर कागदावर घ्या.

दुसरी गोष्ट सपाटीची. निफाडच्या बाजूला एका गोडाऊनमध्ये आम्ही आठ मीटर उंचीची रॅक लावली होती. जमीन काळी. भराव घालताना मुरूम थराथराने दाबला नव्हता, वरचा ट्रायमिक्सचा (जादा पाणी शोषून घट्ट केलेला) काँक्रीटचा कोबा मात्र दिसायला सुरेख होता. दुसऱ्या पावसाळ्यानंतर एका गल्लीत रीच ट्रक (उंच रॅकवर पॅलेट लावणारी गाडी) चालवणारी मुलं वरच्या दोन मजल्यांवर माल लावायला तयार होईनात. मी चाकांमधल्या अंतराएवढी, चार फुटी ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन गुडघ्यावर बसलो. सांध्याजवळ पट्टीखाली दहा रुपयांची तीन नाणी एकावर एक सरकली. म्हणजे पाच मिलिमीटर. खाली हे काहीच वाटत नाही. पण मास्ट, म्हणजे पॅलेट वर नेणारा गाडीचा खांब, आठ मीटर वर गेला की तोच फरक तेहतीस मिलिमीटर, म्हणजे सव्वा इंचाहून जास्त होतो, आणि वर एक टन असतो. मुलं बरोबर होती. वाईट असं की कुठला माल कुठे ठेवायचा ते सांगणाऱ्या सॉफ्टवेअरला हे काही ठाऊक नव्हतं. त्याला वरच्या जागा रिकाम्या दिसायच्या आणि ते रोज नवी पॅलेट तिकडेच पाठवायचं. शेवटी आम्ही त्या गल्लीच्या वरच्या सगळ्या जागा सिस्टीममध्ये बंद केल्या. भाडं मात्र पूर्ण जागेचं जात राहिलं, आणि करार संपल्यावर कंपनी निघून गेली.

म्हणून कोणतंही कोटेशन घेण्याआधी जमिनीत खड्डे घ्या. सिन्नरकडे बऱ्याच ठिकाणी लवकर मुरूम लागतो, पण नाल्याकाठी काळी माती असू शकते. ती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. एका खड्ड्यावर भागवू नका, चारही कोपरे आणि मध्य तपासा. काळी माती निघाली तर ती काढून मुरूम भरणं आणि प्रत्येक थर रोलरने दाबून त्याची चाचणी घेणं, याला पर्याय नाही. कोबा लेझर स्क्रीडने (लेझरने पातळी धरून काँक्रीट पसरवणाऱ्या यंत्राने) करून घ्या आणि ओतल्यानंतर सपाटी मोजून त्याचा अहवाल मागा. बांधकामाच्या करारातच हे लिहा. मोठ्या कंपन्यांचा माणूस गोडाऊन बघायला येतो तेव्हा हा अहवाल आधी मागतो.

उंचीचं गणित तेवढंच सरळ आहे. दीड मीटर उंचीचं पॅलेट, बीम आणि हात फिरायला जागा धरून एका मजल्याला सुमारे १.७ मीटर लागतात. वर स्प्रिंकलरखाली मीटरभर मोकळं ठेवावं लागतं. त्यामुळे सहा मीटरच्या म्हणजे वीस फुटी शेडमध्ये तीन मजले बसतात, साडेनऊ मीटरमध्ये पाच आणि अकरा मीटरमध्ये सहा. पहिल्या साडेतीन मीटरने दोन मजले वाढतात, पुढच्या दीड मीटरने एकच. तेवढ्यासाठी स्टील, वाऱ्याचा हिशोब आणि आगीची व्यवस्था सगळंच जड होतं.

इथे एक गोष्ट मालकांच्या लक्षात येत नाही. तुम्हाला भाडं चौरस फुटावर मिळतं, भाडेकरू हिशोब पॅलेटमागे करतो. भिवंडीत जमीन महाग, म्हणून तिथे उंचीला भाव आहे. सिन्नरला तोच भाडेकरू म्हणतो, उंची कमी असली तरी चालेल, शेजारी आणखी दहा हजार फूट घेतो. त्यामुळे तुमच्या आकाराच्या गोडाऊनला बारा मीटरची घाई मी करणार नाही. आणि वीस फूटही बांधणार नाही, कारण पत्रा वर उचलणं म्हणजे जवळपास नव्याने बांधणं. माझा कौल साडेनऊ मीटरला. हे मी भाडेकरू ठरलेला नाही असं धरून सांगतोय.

कारण खरं तर सगळं भाडेकरूवर अवलंबून आहे. तुमच्या जागेला मला तीन प्रकारचे दिसतात. पहिला, सातपूर-अंबडच्या गाड्यांच्या किंवा इलेक्ट्रिकल कारखान्यांना सुटे भाग पुरवणारा. तो दिवसातून चार-पाच वेळा थोडा थोडा माल, लाइनवर लागणार त्याच क्रमाने पाठवतो. त्याला समृद्धीशी फारसं घेणं-देणं नाही. तो शिंदे टोल नाका आणि नाशिक-पुणे रस्त्यावरची गर्दी बघतो. दुसरा, पार्सलवाला. रात्री मोठी गाडी आली, पहाटे पिकअप आणि छोटा हत्ती भरून निघाले. त्याला सात मीटर उंची पुष्कळ झाली, दारं हवीत. तिसरा, उत्तर महाराष्ट्रासाठी साबण, खाद्यपदार्थ, औषधं ठेवणारा. रॅक, उंची आणि फ्लोअरचं महत्त्व खरं याला.

या तिसऱ्याबद्दल सावध करतो. ५ जून २०२५ ला समृद्धीचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा सुरू झाला. कसारा घाट टळला, आठेक किलोमीटरच्या बोगद्यातून गाडी सरळ उतरते. आपल्याकडे सगळे म्हणतात, आता मुंबई जवळ आली. खरं आहे, पण आमणे म्हणजे भिवंडीचं दार. भिवंडीही आपल्याजवळ आली. कंपनी असंही म्हणू शकते की तिथूनच नाशिकला रोज माल देता येतो, मग सिन्नरला वेगळं गोडाऊन कशाला? त्याचं उत्तर तुमच्याकडे हवं. विदर्भ-मराठवाड्याकडे जाणारा माल सिन्नरला फोडून पुढे पाठवणं, हे एक. दुसरं, नजीकचं: २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात सिंहस्थाची मुख्य स्नानं आहेत. २०१५ ला पर्वणीच्या दिवसांत आमच्या गाड्या शहराबाहेरच थांबल्या होत्या. त्या काळात माल आधीच शहराच्या अलीकडे आणून ठेवावा लागणार आणि छोट्या गाड्यांनी आत न्यावा लागणार. तुमच्या वडिलांच्या ओळखीतल्या वितरकांना हे आत्ताच विचारा.

द्राक्ष-कांद्याच्या गोडाऊनचा मोह कुणी घातला तर तो वेगळा विषय समजा. निर्यातीची द्राक्षं शून्याच्या आसपास तापमानाला आणि नव्वद टक्क्यांच्या वर आर्द्रतेला ठेवतात, आधी प्रीकूलिंग, म्हणजे माल झटपट थंड करणं, लागतं. ती इमारत म्हणजे एक मोठा फ्रिजच असतो. दिंडोरी-निफाडच्या बागांपासून दूर, सिन्नरला ते करायचं तर तसं गिऱ्हाईक हातात हवं.

डॉकचं, म्हणजे गाडी लावून माल चढवायच्या-उतरवायच्या दाराचं गणित आपल्याकडे पुस्तकाप्रमाणे चालत नाही. पुस्तकात गाडी पॅलेटवर येते आणि चाळीस मिनिटांत खाली होते. आपल्याकडे बत्तीस फुटी गाडी छतापर्यंत सुट्ट्या खोक्यांनी भरून येते. माथाडींची टोळी ती तीन-साडेतीन तासांत खाली करते. आत कितीही आधुनिक यंत्रणा असो, दाराशी वेग हाताचाच. म्हणजे एका डॉकवर एका पाळीत दोन, फार तर तीन गाड्या. रोज दहा गाड्या धरल्या तर चार-पाच डॉक लागतीलच. दोन दारांत भागवू नका. डॉकची उंची चार फूट ठेवा, पण एक दार जमिनीच्या पातळीला रॅम्पसह ठेवा, कारण पिकअप चार फुटी डॉकला लागत नाही. समोर चाळीस फुटी ट्रेलर एका दमात फिरेल एवढी, तीसेक मीटर मोकळी जागा सोडा. अडीच एकरात ती सहज बसते. वडिलांना सांगा, स्वतः ट्रेलर आणून चुन्याने आखलेल्या रेघांत फिरवून बघायला. नकाशापेक्षा ते लवकर खरं सांगेल.

टोळीचा विषय निघालाच आहे तर सांगतो. १९६९ च्या माथाडी कायद्याखाली कामगार मंडळाकडे नोंद असलेली माणसं इथे काम करतात, आणि नव्या यंत्रणेचं यश त्यांच्या हातात असतं. आम्ही पहिल्यांदा बारकोड वाचणारे हातातले स्कॅनर, म्हणजे हॅण्डहेल्ड, आणले तेव्हा जागांना बी-४, डी-४ अशी नावं दिली होती. मुकादम ओरडून सांगायचा आणि गोंगाटात बी आणि डी सारखेच ऐकू यायचे. आठवडाभर चुकीच्या गल्लीत माल जात होता. मुकादमानेच सुचवलं, गल्ल्यांना आकडे द्या आणि खांबांना रंग. तेव्हापासून प्रत्येक ठिकाणी मी तसंच करतो. यंत्र बसवण्याआधी टोळीशी बसून बोलणारा भाडेकरू टिकतो, असं मी पाहिलंय.

आता अशा गोष्टी ज्या आज स्वस्तात होतात आणि नंतर महाग पडतात. गोडाऊन रिकामं असताना वायफाय सगळीकडे मिळतं. आत पाण्याच्या बाटल्या नाहीतर पत्र्याचे डबे भरले की सिग्नल मरतो, मग हॅण्डहेल्ड घेऊन माणसं गल्लीच्या टोकाशी उभी राहतात. ठराविक खांबांवर वायरीसाठी पाइप आत्ताच टाकून ठेवा. स्कायलाइट रॅकच्या डोक्यावर न येता गल्लीच्या वर येतील असे लावा. एका जागी उन्हाने वरच्या मजल्याचे बारकोड सहा महिन्यांत पांढरे पडले होते. छताचा हिशोब करताना चौरस मीटरला पंधरा-वीस किलो जादा धरा, म्हणजे पुढे सोलर बसवता येईल. महावितरणकडे किती लोड मिळू शकतो, ट्रान्सफॉर्मरला जागा कुठे, हे लेखी विचारा. रोबोटपेक्षा बॅटरीवरच्या ट्रकचं चार्जिंगच आधी येणार आहे.

आगीच्या बाबतीत काटकसर करू नका, हे मी हात जोडून सांगतो. उंच रॅकमध्ये आग खालून वर काही मिनिटांत चढते आणि बंबाचं पाणी आतल्या गल्लीत पोचत नाही. छतावरच्या मोठ्या स्प्रिंकलरसाठी काही लाख लिटरची टाकी लागते. टाकी आणि पंपरूमची जागा पहिल्याच नकाशात धरा, मुख्य पाइप पुढच्या गरजेच्या मापाचा टाका. २००६ च्या महाराष्ट्र आग प्रतिबंधक कायद्यात मालक आणि भोगवटादार दोघांवर जबाबदारी आहे, आणि यंत्रणा चालू असल्याचा दाखला दर जानेवारी आणि जुलैत परवानाधारक एजन्सीकडून घ्यावा लागतो. भाडेकराराच्या मसुद्यात हे काम कोणाकडे, ते स्पष्ट लिहा. आत रात्रपाळीला माणसं असणार आहेत.

तर तुमच्या सल्लागाराला पुढच्या भेटीत एवढंच विचारा: रॅकच्या पायाखाली किती टन, सपाटी कोण मोजणार, विजेचा लोड किती मंजूर होईल, आणि ही इमारत वरच्या तिघांपैकी कोणासाठी? ‘सगळ्यांसाठी’ म्हणाला तर दुसरा सल्लागार बघा. शेडवाल्यालाही हेच विचारा. तो साडेनऊ मीटर आणि नीट फ्लोअरचं कोटेशन द्यायला तयार असेल, तर त्याच्याकडून करून घ्यायला हरकत नाही.

पावसाळ्याआधी खड्डे घ्या आणि पाऊस पडून गेल्यावर त्याच जागा पुन्हा बघा, त्यात पाणी किती दिवस थांबतं ते लिहून ठेवा. तोपर्यंत वडिलांनी त्यांच्या रोजच्या पाच-सहा गिऱ्हाइकांना विचारावं की माल आज कुठे ठेवता आणि गाडी किती वेळ अडकते. माती कशी निघाली ते कळवा, त्यावरून फ्लोअरचं पुढचं सांगतो.